सही नाकारली तर तंबाखू थांबेल का?

वाचकाचा प्रश्न : कागल तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या पत्राचा हा सारांश आहे. वडिलांच्या पश्चात चार एकर कोरडवाहू काळ्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आई, धाकटा भाऊ आणि त्या स्वतः अशी तिघांची नावे आहेत. जमीन भाऊ कसतो आणि त्यांपैकी तीन एकरांत दरवर्षी बिडीचा तंबाखू असतो. खरिपापूर्वी गावच्या विकास सेवा सोसायटीतून पीककर्ज घेताना सहहिस्सेदार म्हणून बहिणीचे संमतीपत्र लागते. यंदा त्यांनी सही करायचे नाकारले आहे. शाळेत त्या मुलांकडून तंबाखूमुक्तीची शपथ म्हणवून घेतात, चुलते तोंडाच्या कर्करोगाने गेले, आणि आई आजही घरच्याच पानाची मिश्री लावते. त्या लिहितात, ‘सरकार एका हाताने बिनव्याजी कर्ज, स्वस्त खत आणि संशोधन देऊन तंबाखू पिकवून घेते आणि दुसऱ्या हाताने पुड्यावर कर्करोगाचे चित्र छापते. या दुटप्पीपणात मी सामील का व्हावे?’ भाऊ म्हणतो, ‘महिन्याला पगार घेणाऱ्याला हे बोलणे सोपे आहे.’ घरात अबोला आहे. सही करावी की करू नये, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय वाचक भगिनी,

वर्षानुवर्षे न वाचता केली जाणारी सही तुम्ही या वर्षी थांबवलीत, हे मला महत्त्वाचे वाटते. तरीही ती सही तुम्ही करावी, असेच माझे मत आहे. फक्त आज ज्या कागदावर ती मागितली जात आहे, त्या कागदावर नव्हे. या मतापर्यंत मी कसे पोहोचतो ते सांगण्यापूर्वी, तुमच्या पत्रातील ‘सरकार तंबाखूला अनुदान देते’ हे वाक्य थोडे तपासून पाहू या, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

तुम्ही ज्या सवलती मोजल्या आहेत, त्यांतील बहुतेक सवलती पिकाचे नाव विचारत नाहीत. खताचे अनुदान गोणीवर मिळते. ती गोणी तंबाखूत पडली काय आणि भुईमुगात पडली काय, सरकारचा खर्च तेवढाच होतो. पीककर्जाचेही तसेच आहे. केंद्राच्या व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते, मुदतीत फेडल्यास तीन टक्के परत मिळतात, आणि उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. म्हणून ते तुमच्या भावाला बिनव्याजी पडते. ही सवलत वेळेवर कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे, ती तंबाखूसाठी आखलेली नाही. संशोधनाचे म्हणाल तर तुमचा मुद्दा बरोबर आहे. राजमहेंद्रीची पूर्वीची केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था, आणंद आणि निपाणी येथील बिडी तंबाखूची केंद्रे ही सरकारी पैशांवरच उभी राहिली. परंतु पर्यायी पिके कोणती परवडतील याचा अभ्यासही याच संस्थांकडे सोपवला गेला आहे, हेही लक्षात घ्यावे.

आता उलट बाजू पाहा. हमीभावाच्या २२ पिकांच्या यादीत तंबाखू नाही. महाराष्ट्रातील खरीप पीकविम्याच्या अधिसूचित पिकांत तो नाही. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि गुंटूरला मुख्यालय असलेले तंबाखू मंडळ सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूची नोंदणी करते, क्षेत्राची मर्यादा ठरवते आणि लिलाव भरवते; आंध्र आणि म्हैसूरकडील शेतकऱ्याला तो आधार आहे, पण तुमच्या आणि निपाणीच्या पट्ट्यातील बिडीच्या पानाला असे कोणतेही मंडळ नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीला हे पक्के ठाऊक होते. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशी आणि सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ महामार्गावर हजारो शेतकरी ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात त्यांच्यातल्या काहींचे प्राण गेले, तेव्हा मागणी अनुदानाची नव्हती. व्यापाऱ्याने रास्त भाव द्यावा, एवढीच होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्या काळातील शेतकरी संघटनेची घोषणा. सरकार तंबाखूवाल्यांना पोसते असे तुम्ही म्हणता तेव्हा भावाला राग येतो, त्यामागे ही आठवण असण्याची शक्यता आहे.

मग तंबाखू तीन एकरांत टिकून कसा राहिला? त्याचे उत्तर सोसायटीच्या दप्तरात शोधण्यापेक्षा व्यापाऱ्याच्या वखारीत शोधावे लागेल. हे पीक पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलीवर येते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, वाळवलेला माल भाव येईपर्यंत ठेवता येतो, आणि मुख्य म्हणजे लावणीच्या वेळी व्यापारी उचल देतो. लग्न असो, दवाखाना असो, तंबाखूवाल्याला रोख मिळते. पुढे त्याच उचलीपोटी माल त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने आणि तो कापील तो कडता (वजनातील कपात) सोसून घालावा लागतो, ही गोष्ट वेगळी. भुईमूग किंवा हरभरा पेरतो म्हणून तुमच्या भावाला कोणी जुलैत उचल दिली आहे का, हे त्याला विचारून पाहा.

तुमच्या पत्रातील गृहीतक मला इथे उलटे झालेले दिसते. या सगळ्या व्यवहारात तंबाखूशी न बांधलेला पैसा एकच आहे आणि तो सोसायटीच्या पीककर्जाचा आहे. तुम्ही सही नाकारलीत तर तीन एकर मोकळे राहणार नाहीत. भाऊ व्यापाऱ्याकडून जास्त उचल घेईल आणि पुढच्या वर्षी तंबाखू लावण्यावाचून त्याला गत्यंतर राहणार नाही. ज्या सवलतीवर तुमचा रोष आहे तीच त्याला तंबाखूतून बाहेर पडण्यासाठी उपयोगी पडू शकते, मात्र ती कोणत्या पिकासाठी वापरायची हे आधी ठरले पाहिजे.

याचा अर्थ सरकार निर्दोष आहे असा नाही. तंबाखूला मिळणारी खरी मोठी सवलत शेतात न मिळता पानपट्टीवर मिळते. जीएसटी आल्यापासून बिडीवर २८ टक्के कर होता. सिगारेटवर होता तसा भरपाई उपकर तिच्यावर कधी लागलाच नाही. आकडेमोड केली तर हा कर किरकोळ किमतीच्या साधारण २२ टक्के भरत होता, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की तंबाखूच्या पदार्थांवरील कर किमतीच्या निदान ७५ टक्के असावा. असे असताना सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरील दर १८ टक्क्यांवर आणि तेंदूपानावरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. अशा सवलतीचे समर्थन नेहमी बिडी वळणाऱ्या बायकांच्या नावाने केले जाते; हजार बिड्यांमागे त्यांच्या हातात किती पडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या नावाच्या वापराचे वाईट वाटल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या बाजूला, २०१७-१८ या वर्षासाठी झालेल्या एका अभ्यासाने तंबाखूजन्य आजार आणि अकाली मृत्यू यांचा देशावरील आर्थिक भार १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये काढला. हा आकडा त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून अधिक होता. त्यातला काही वाटा उपचार, प्रवास आणि बुडालेली मजुरी या रूपाने घराघरांतून जातो. चुलत्यांच्या आजारपणात तुमच्या घराने तो भरला आहे. दुटप्पीपणा शोधायचाच असेल तर तो इथे आहे, आणि त्यावर शिक्षिका, नागरिक आणि मतदार म्हणून बोलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तुमच्या माझ्या पगारात आणि सवलतींत तंबाखूवरील कराचाही पैसा मिसळलेला असतो, म्हणून मन खायला नको.

तुमच्या तीन एकरांतील पान बंद झाले तर कर्करोग किती कमी होईल, याचे प्रामाणिक उत्तर ‘जवळजवळ नाही’ असे आहे. बिडीच्या तंबाखूचा मोठा भाग गुजरातेतील चरोतरमध्ये, म्हणजे आणंद आणि खेडा या भागांत पिकतो. इकडचे पान कमी झाले तर वखारी तिकडून भरतील. खप कमी होतो तो किंमत, कायदा आणि सवय यांमुळे. हीच गोष्ट तंबाखूचे कारखानदार उलटी करून सांगतात, की खपावर निर्बंध आले तर शेतकरी उद्या रस्त्यावर येईल. तेही खरे नाही, कारण खप दशकांच्या चालीने घटतो आणि तेवढ्या वेळात पीक बदलता येते, जर त्या बदलासाठी कोणी पैसा मोजला तर. अमेरिकेने १९३० च्या दशकात सुरू झालेली तंबाखू कोट्याची पद्धत २००४ च्या कायद्याने मोडली, तेव्हा कोटाधारक आणि शेतकरी यांना सुमारे दहा अब्ज डॉलर दहा वर्षांत वाटले आणि ते सिगारेट कंपन्यांकडून वसूल केले. युरोपीय संघ वर्षाला सुमारे एक अब्ज युरो तंबाखू पिकवणाऱ्यांना देत होता. २००४ च्या निर्णयानुसार ते पैसे टप्प्याटप्प्याने पिकापासून तोडत नेले आणि २०१० पर्यंत तंबाखूशी जोडलेले अनुदान संपवले. आपण २००४ मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारातही कलम १७ शेतकऱ्याला परवडणारा पर्याय देण्याविषयी आणि कलम १८ त्याच्या आरोग्याविषयी आहे. कलमे आहेत, पण ती गावापर्यंत क्वचितच पोहोचतात.

मात्र तुमच्या घरातील आणि बांधावरील हानी रोखणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूर न काढता वापरणारे, म्हणजे चघळणारे आणि मिश्री लावणारे, २४.४ टक्के होते. म्हणजे तुमच्या शेतातील बिडीचे पान बहुधा परराज्यात जळते, पण त्यातील मूठभर पान तव्यावर भाजून, चुरून डबीत भरले जाते आणि तुमच्या आईच्या हिरडीवर जाते. मिश्रीला आपल्याकडे कोणी व्यसन म्हणत नाही. ती दात घासण्याची पूड समजली जाते आणि ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे ठामपणे सांगितले जाते. आईशी भांडण न करता आधी तिचे तोंड दंतवैद्याला किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी विनाशुल्क आहे. घरात गरोदर सून असेल तर मिश्री भाजण्याचे काम त्याच दिवशी बंद व्हावे, कारण धूर न काढता घेतलेल्या तंबाखूनेही बाळाचे वजन कमी भरते.

शेतातले दुखणे वेगळे आहे. शेंडे खुडताना आणि बगलफूट काढताना हाताला काळा चिकटा बसतो, तो साबणानेही लवकर जात नाही, आणि त्या हाताने खाल्लेली भाकरी कडू लागते, हे तुमच्या शिवारातील प्रत्येक बाईला माहीत आहे. दवाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या पानातील निकोटीन कातडीतून अंगात शिरते; त्यामुळे मळमळ, उलटी, चक्कर आणि डोकेदुखी होते, आणि हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो म्हणून त्याला ऊन लागले असे म्हटले जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातमधील मजुरांत हा त्रास नोंदवला आहे. उपाय फार खर्चाचे नाहीत : दव उतरल्यावर काम सुरू करावे, लांब बाह्यांचा शर्ट आणि रबरी हातमोजे वापरावेत, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, भिजलेले कपडे लगेच बदलावेत, आणि गरोदर बायका व मुले यांना या कामाला लावू नये. सुगीच्या दिवसांत तुमच्या वर्गातील जी मुले गैरहजर राहतात, त्यांच्या घरी जाऊन तुम्ही हे सांगितलेत तर ते शपथेइतकेच मोलाचे ठरेल, आणि तंबाखूवाल्या घरातील मुलगी सांगते आहे म्हणून ते ऐकलेही जाईल.

पीक बदलण्याच्या बाबतीत भावाला ‘सगळा तंबाखू सोड’ असे सांगू नये. तीनपैकी पहिल्या वर्षी एकच एकर निवडावा, आणि तो असा निवडावा जिथे बंबाखू जास्त उगवतो. तंबाखूच्या मुळावर जगणाऱ्या या तणाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि अशा तुकड्यात पीक आधीच कमी उतरत असल्याने भावाचा विरोधही तिथे सर्वांत कमी असेल. बंबाखूचे बी उगवायला लावून त्याला पोसत नाहीत अशी तीळ, ज्वारी, मूग यांसारखी सापळा पिके अशा जमिनीत घेण्याची शिफारस केली जाते. टोमॅटो आणि वांगी मात्र तिथे लावू नयेत, कारण बंबाखू त्यांवरही वाढतो. तंबाखू जुलै-ऑगस्टमधील लावणीपासून जानेवारीपर्यंत जमीन अडवतो. त्याऐवजी त्याच जमिनीत सोयाबीन काढून हरभरा किंवा शाळू अशी दोन पिके बसतात, हे हिशेबात धरावे. पण मी सोयाबीनची भलामण करणार नाही. २०२४-२५ मध्ये त्याचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत माल त्याहून बराच खाली विकला गेला. संकेश्वरी मिरचीला गडहिंग्लजची बाजारपेठ जवळ आहे, परंतु तिला मजूर तंबाखूइतकेच लागतात आणि रोग पडला की वर्ष वाया जाते. पाणी आले तर भाऊ उसाकडे वळेल, जसे तुमच्या भागातील बहुतेकजण वळले. तो निर्णय चुकीचा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कोणतेही पीक घ्या, पण ते कोण विकत घेणार आहे हे पेरणीपूर्वी ठरू द्या.

त्याआधी दोघांनी मिळून मागील तीन वर्षांचा खरा हिशेब मांडावा. त्यात भावाची, वहिनीची आणि आईची मजुरी शेजारच्या मजुराच्या दराने धरा, उचलीचे व्याज आणि कडता धरा, आणि पैसे प्रत्यक्ष कोणत्या महिन्यात हातात आले तेही लिहा. घरच्या बायकांचे श्रम फुकट धरले की तंबाखू नेहमी नफ्यात दिसतो. हिशेब लावूनही तो पुढे राहिला तर ते मान्य करण्याचा मोकळेपणा तुमच्याकडेही असला पाहिजे.

केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेखालील पीक विविधीकरण कार्यक्रम २०१५-१६ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकासह तंबाखू पिकवणाऱ्या राज्यांना लागू करण्यात आला. पर्यायी पिकांची प्रात्यक्षिके आणि अवजारे यांसाठी तो आहे. या वर्षी आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातून काय आले आहे, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी विचारा. एकट्याने विचारण्यापेक्षा दहा-पंधरा तंबाखूवाल्यांच्या गटाने विचारलेत तर उत्तर लवकर येते. ठिबक, अवजारे यांचे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भावाने स्वतः भरावेत. आणि एक सावधगिरी पाळा. कर्जासाठी कागदावर एक पीक आणि शेतात दुसरे, असा सल्ला गावात हमखास मिळतो. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, शेतात जे उभे आहे तेच नोंदवा; खोटी नोंद उघडकीस आली की विमा आणि हमीभावाची खरेदी या दोन्हींना मुकावे लागते.

राहिला भाऊ. आपल्याकडे बहिणीची सही सहसा हक्कसोडपत्रावरच मागितली जाते. तुमचे नाव उताऱ्यावर शाबूत आहे आणि तुमच्या संमतीवाचून काम अडते, ही तुमची ताकद आहे. ती नकारात खर्च करू नका. त्याला सांगा की सही करीन, पण एका एकराचे पीक आपण दोघांनी ठरवू. त्या एकरात पहिल्या वर्षी तंबाखूच्या तुलनेत जी तूट येईल तिचा ठरावीक हिस्सा मी पगारातून भरीन, आणि सोसायटीचे कर्ज हातात असल्यामुळे व्यापाऱ्याची उचल तू तेवढ्या प्रमाणात कमी घेशील. तुमच्या पगाराचा टोमणा त्याने मारला आहेच, तर त्यातलाच थोडा जोखमीसाठी पुढे केलात की तो मुद्दा उरत नाही. त्याने हे अजिबात मानले नाही, तर या वर्षीपुरती सही करून हिशेबाची वही तरी सुरू करून घ्या आणि पुढच्या वर्षी त्याच वहीवरून बोला. अबोला धरून खरीप गेला तर व्यापाऱ्याची उचल वाढण्यापलीकडे काहीच होणार नाही. संमतीपत्र हाती येईल तेव्हा गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र आणि कर्जाची रक्कम हे चारही रकाने भरलेले असल्याची खात्री करा. कोरा नमुना पुढे आला तर सचिवांकडून तो भरून घ्या, आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.